खिडकीपाशी नेलेली दोन कार्डं

रंगाच्या कारखान्यात तिला सगळे छटाबाई म्हणत. एकोणीस वर्षं उत्तरेच्या खिडकीपाशी बसून ती डब्यातला रंग नमुन्याच्या कार्डाशी ताडून बघत आली होती. मग नवे साहेब आले. त्यांनी तिला काढलं नाही; तिचं टेबल फक्त गोदामात, ट्यूबलाइटखाली हलवलं. त्या उजेडात करडा आणि हिरवट करडा जुळी भावंडं दिसतात. चुका होऊ लागल्या. चुकीमागून मेमो, मेमोमागून मेमो. तिने खिडकी परत मागितली तर साहेब म्हणाले, "बाई, उजेडाचं कौतुक पुरे. जमत नसेल तर दार उघडंच आहे."

पाचव्या मेमोनंतर तिने राजीनामा दिला आणि महिन्याभरात दावा लावला, की राजीनाम्यावर सही माझी असली तरी तो देणारे हे लोक आहेत. नोकरीच्या करारानुसार असा वाद आधी दोघांनी मान्य केलेल्या लवादापुढे जायचा. लवाद म्हणून नेमलेल्या निवृत्त न्यायाधीशांनी निवाडा दिला : 'हिने नोकरी सोडलेली नाही, हिला सोडायला लावलं आहे. जुन्या जागी परत घ्या.' या दोन ओळी तिला तोंडपाठ होत्या.

कारखाना त्याविरुद्ध कोर्टात गेला. निकालाच्या दिवशी तिची आई शेजारी बसली होती, पर्स पोटाशी धरून. कारखान्याच्या वकिलाने निवाड्यातली एकच ओळ वाचली : 'उजेडाने रंग बदलतो हे मी स्वतः पाहिलं आहे.' आणि विचारलं, "कधी पाहिलं? तेव्हा आम्ही कुठे होतो?"

लवादापुढच्या सुनावणीत हेच वकील मध्येच फोनवर बोलायला बाहेर गेले होते. तेवढ्यात लवादांनी सहज विचारलं होतं, "खरंच इतका फरक पडतो?" या प्रश्नाला तिचं एकोणीस वर्षं एकच उत्तर होतं : या, दाखवते. तिने पर्समधून दोन कार्डं काढली आणि लवादांना खिडकीपाशी नेऊन दाखवली. तिचा स्वतःचा वकील फायलीत डोकं घालून बसला होता.

न्यायाधीश म्हणाले, "बाई खरी की कारखाना खरा, हे बघणं आमचं काम नाही. निवाडा आम्हाला पटतो का, हाही प्रश्न नाही. एका पक्षाच्या पाठीमागे पुरावा पाहिला गेला. निवाडा रद्द."

अकरा मिनिटं लागली.

बाहेरच्या भिंतीचा खालचा पट्टा नंतर रंगवलेला होता, किंचित पिवळसर. एरवी तिला तो सलला असता. आज नुसता दिसला.

"हौस!" आई म्हणाली. "पाहुणा आला की कपाट उघडून दाखवायची खोड, ती तिथेही?"

"आई, त्यांनी विचारलं."

"विचारलं म्हणून? समोरचा येईपर्यंत जीभ टाळ्याला चिकटवायची! आणि तुम्ही, वकीलसाहेब? तुम्ही काय डोळ्यांवर कातडं ओढून बसला होतात?"

"मावशी, चुकलंच माझं," वकील म्हणाला. "आता नवा लवाद, सगळं पहिल्यापासून. दोन वर्षं तरी धरा. नाहीतर सोडून द्या."

आईचा आवाज एकदम खाली आला. "सोड गं. रात्रभर छताकडे बघत पडतेस, मला का कळत नाही? ताटातलं तसंच राहतं. मला बघवत नाही."

"सोडलं तर कागदावर काय राहील?" तिने वकिलाला विचारलं.

"राजीनामा. तुम्ही आपणहून दिलेला."

तिने राग यायची वाट बघितली. आला नाही. रात्रभर अंगाखाली राहिलेला हात सकाळी दुसऱ्याचा वाटतो, तसं सगळं आतून झालं होतं.

"लिहा, पुन्हा जायचंय," ती म्हणाली.

"ऐकणार नाहीसच ना?"

"नाही."

आईने पर्स या हातातून त्या हातात घेतली.

"आणि नव्या लवादांना पहिल्याच दिवशी सांगा, गोदामात या म्हणावं. मी तिथेच बसून दाखवते. दोन्ही वकील समोर पाहिजेत, फोन बंद करून."

वकिलाने लिहून घेतलं, कागद तिच्याकडे फिरवला आणि बोट ठेवलं. तिने तिथे सही केली.