कंपाइल केलेली होडी

माझा नवरा महिपत बाळकुमच्या कोळ्यांतला, पण खाडीपेक्षा कॉम्प्युटरमध्ये जास्त बुडालेला. अठ्ठ्याण्णव साली तो ठाण्यात एका क्लासमध्ये प्रोग्रामिंग शिकवायचा. घरी इंटरनेट नव्हतं, तरी पठ्ठ्याने आमच्याच मशीनवर वेब सर्व्हर बसवला होता. मशीन स्वतःकडेच पान मागायचं आणि स्वतःच द्यायचं. "गिऱ्हाईकही तूच, दुकानदारही तूच," मी चिडवायचे.

त्या पानावर त्याने खाडी केली. निळसर पाणी संथ हलायचं, त्यातून माझ्या सासऱ्यांची, भिवाजीबाबांची होडी निघायची आणि तिवरांमागे दिसेनाशी व्हायची. खरी होडी त्यांनी मासळी आटल्यावर विकली होती. दुपारी पाण्याचा उजेड भिंतीवर थरथरायचा, पंखा कुरकुरायचा, बाबा पडद्यापुढे बसून राहायचे. मी जागी आहे की झोपेत, हे मलाही कळेनासं व्हायचं.

पण पंचाईत झाली. होडी बाहेर असताना कर्त्याने जेवायचं नाही, ही आमच्या घरची रीत. आणि आमच्या शहाण्याने होडी नुसती बाहेर काढली होती, परत आणलीच नव्हती! "होरी येऊं दे," म्हणत बाबा दुपारचं ताट सारायचे. माणूस वाळत चालला.

बदल करायचा तर मूळ प्रोग्राम हवा. तो ज्या फ्लॉपीवर होता, तिला बुरशी लागलेली. उरली होती ती कंपाइल केलेली फाइल. ती मशीनला कळते, माणसाला वाचता येत नाही. महिपतने होडी परत येईल असं सगळं नव्याने लिहिलं, कंपाइल केलं आणि जुन्या फाइलच्या जागी नवी ठेवली.

रविवारी ताटं वाढून पान पुन्हा लोड केलं. होडी गेली ती गेलीच.

माझं डोकं फिरलं. "अरे, म्हाताऱ्याला उपाशी मारतोस का?"

महिपतने कपाळावर हात मारला. सर्व्हरकडे नवी फाइल होती, पण सकाळपासून उघडा असलेला ब्राउझर जुनीच धरून बसला होता. त्याने तो पूर्ण बंद करून पुन्हा उघडला.

होडी गेली. पाणी हलत राहिलं. मग तिवरांमागून तिचं टोक दिसलं आणि हळूहळू ती काठाला लागली.

मला वाटलं, बाबा म्हणतील, पुन्हा लाव.

"बंद कर, महिपत," ते म्हणाले. "दमली हाय ती."

ते पाटावर बसले. होडी विकली त्या दिवशी डोळ्यांतून टिपूसही न काढलेला माणूस पहिल्याच घासाला हमसून रडला. मी कालवण वाढलं.