मामांची बिननावाची टाचणी

माझ्या बायकोच्या मामांइतका चिखलात रमलेला जीव अख्ख्या पालघर तालुक्यात, म्हशी सोडल्या, तर दुसरा नसेल. ऐंशीच्या दशकात ते तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होते आणि राहायला सरावलीला, आमच्या शेजारी. सुट्टी मिळाली की घरामागच्या पाणथळीत पोटावर पडून भिंगातून टाचण्या बघत. कागदाच्या नव्हेत हो; चतुराच्या त्या काडीसारख्या, बसल्यावर पंख मिटून घेणाऱ्या चुलत बहिणी. आमच्याकडे जेवायला आले की ही मंडळी पाणवनस्पतींच्या देठात अंडी कशी घालतात हे श्रीखंड संपेपर्यंत सांगत, आणि बायको मुकाट्यानं त्यांच्या पाटाखाली वर्तमानपत्र सरकवी.

त्यातली एक निळी टाचणी त्यांना कुठल्याच पुस्तकात सापडेना. तिथं भाजी खुडायला येणाऱ्या आदिवासी मावशींना त्यांनी नाव विचारलं. त्या म्हणाल्या, “नाव कशाला? ती हाय तवर पानी चांगला हाय. ती नाय, तं पानी पिवाचा नाय.” मामांनी ते वहीत जसंच्या तसं उतरवलं.

तेवढ्यात पाणथळीवर मुरमाचा भराव टाकायचं ठरलं. जात नवी निघाली तर कुणीतरी ऐकेल आणि भराव थांबेल, या वेड्या आशेनं मामांनी मुंबईच्या एका जाणकारांना चित्र धाडलं. उत्तर आलं: चित्र नको, मारून, वाळवून, टाचणीला टोचून पाठवा. मामांची अन्नावरची वासनाच उडाली. टाचणीला टाचणी टोचायची, एवढंच दोन दिवस पुटपुटत होते. शेवटी एक जिवंतच काडेपेटीत घातली. मारायचं पाप मुंबईकरांनी करावं, असा बेत. बोईसरच्या पोस्टात मी सोबत होतो. गुदमरेल म्हणून त्यांनी पेटी जराशी उघडली आणि झालं! खिडकीतून पसार. पोस्टमास्तरांनी काय हरवलं विचारलं, मी म्हटलं टाचणी. तो भला माणूस टेबलाखाली वाकून शोधू लागला, आणि सापडेना तेव्हा आपल्या डबीतली एक काढून दिली. मामांनी ती नमस्कार करून घेतली.

पुढच्या सुट्टीपर्यंत पाणथळीत मुरूम येऊन पडला. मला संताप आला तो मामांचाच. म्हटलं, पेटी उघडली नसतीत तर निदान नाव तरी कळलं असतं. ते त्या लाल ढिगाशी उकिडवे बसले.

“एक तरी सुटली, जावईबापू.”

मामा गेले. वही माझ्याकडे आहे. त्या निळ्या टाचणीच्या नावाचा रकाना कोरा आहे आणि त्या कोऱ्या जागेत पोस्टमास्तरांची टाचणी खोचलेली आहे. गंजून तिचा डाग पानावर उतरलाय, पण मला ती काढवत नाही.