लसूण निघेपर्यंत

माणूस भटकंती सोडून एका जागी का राहू लागला, यावर मी बरंच वाचलं आहे. नद्या, सुपीक गाळ, बदललेलं हवामान वगैरे. खरं कारण मला मिल्टनच्या आमच्या बॅकयार्डात कळलं. ते फारसं भारदस्त नव्हतं.

कॅनडात आल्यापासून नऊ वर्षांत आमचं हे पाचवं भाड्याचं घर. ऑक्टोबरात बायकोने मागच्या बाजूला लसूण लावला आणि नाशिकच्या माहेरच्या हिशेबाने मार्चमध्ये फावड्याने बर्फ उपसून काढायला गेली. पाकळ्यांनी जेमतेम मूळ धरलं होतं. कुंपणापलीकडच्या आजोबांनी हसू आवरत सांगितलं की इथे लसूण जुलैत निघतो.

त्याच आठवड्यात ऑफिसने माझी जवळपास तीन हजार किलोमीटरवरच्या सस्काटूनला बदली केली. हजर व्हायचं एक जूनला. एका उपाध्यक्षांनी स्क्रीनवर येऊन आम्हाला नव्या युगाचे मुक्त भटके म्हटलं. त्यांच्यामागचं भिंतभर पुस्तकांचं कपाट बघता ते स्वतः बरीच वर्षं हललेले नसावेत.

मागच्या चारही वेळा निमूटपणे खोकी भरणारी बायको या वेळी म्हणाली, "तू हो पुढे. लसूण निघाल्याशिवाय मी हलणार नाही."

आणि ती बोलते तसं करते. मला सस्काटूनचा एकट्याचा उन्हाळा दिसू लागला. तिथल्या मॅनेजरला द्यायला एकही प्रतिष्ठित कारण सापडेना, म्हणून फोनवर खरं तेच सांगितलं. सांगता सांगताच मी मनातल्या मनात राजीनामा लिहू लागलो.

ते गव्हाच्या शेतावर वाढलेले निघाले. पीक जमिनीत असताना घर सोडून जायचं नसतं, असं त्यांनी मलाच ऐकवलं. काढणीपर्यंत घरूनच काम कर, म्हणाले, मग बघू. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ जिन्यात बसून राहिलो. इतकं हलकं मला कायमच्या वास्तव्याचा पीआर मिळाल्यावरही वाटलं नव्हतं.

बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "कुठल्या वर्षीची काढणी, ते बोलले का?"

नव्हते बोलले. जुलैत लसूण निघाला, ऑक्टोबरात तिने दुप्पट लावला. मी तसं प्रामाणिकपणे कळवलं. मॅनेजरनी उलट विचारलं, थंडीसाठी वर पेंढा घातला का.

संस्कृतीच्या स्थापनेला कुणी फीत कापली नसणार. कुणीतरी काहीतरी पुरलं असेल आणि ते निघेपर्यंत थांबायला नवऱ्याला परवानगी मिळाली असेल.