फ्लश डोअरवरची लढाई

वेळेच्या बाबतीत इतका दरिद्री आणि लढाईच्या बाबतीत इतका खानदानी माणूस आमच्या साडभाऊंशिवाय अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरा नाही, हे मी कुठल्याही देवाची शपथ घेऊन सांगायला तयार आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सिंदी मेघेला रस्त्यालगत त्यांचं नळ-पाइप आणि खिळ्या-मोळ्यांचं दुकान, दुकानामागे घर. सकाळी नऊला शटर वर जातं ते रात्री नऊला खाली येतं. दुपारी दोन ते चार ते अर्धं खाली असतं, पण आमच्याकडचं गिऱ्हाईक अर्ध्या शटरला कुठलं जुमानतंय! ते कमरेत वाकून आत डोकावतं आणि "भाऊ, आहे का?" म्हणून ओरडतं. भाऊ असतातच. तीस वर्षांत त्यांनी कुणाला "नंतर या" म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. या सगळ्यातून जेवण वजा जाता त्यांच्या स्वतःच्या मालकीची वीस मिनिटं उरत, सव्वादोन ते दोन पस्तीस. त्या वीस मिनिटांत ते सैन्य चालवत. ही लढाई मधे आठ महिने थांबली होती, आणि ती पुन्हा सुरू होते की नाही याची काळजी मी स्वतःच्या रक्तदाबाची केली नसेल इतकी केली.

हा खेळ त्यांना मोबाइलवर सापडला. परदेशातला कुणी म्हातारा टेबलावर बोटभर शिपाई मांडून, पट्टीनं अंतर मोजून, फासे टाकून एकटाच लढाई खेळत होता. ते बघून आमचे साडभाऊ, वय वर्षं पंचावन्न, इतके हरखले की त्या दिवशी त्यांनी अर्ध्या इंचाची तोटी मागणाऱ्याला पाऊण इंचाची दिली. ती त्यांच्या आयुष्यातली पहिली चूक. दुसरी पुढे सांगतो. शिपाई विकत मागवावेत हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. त्यांनी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडाच्या, काड्या बोटभर कापल्या, एकेक काडी एकेका वायसरवर चिकटवली, अर्ध्या लाल रंगवल्या, अर्ध्या निळ्या. आंब्याच्या कोया वाळवून हत्ती केले. तोफ उडाली की तिच्या तोंडाशी कापसाचा पुंजका ठेवायचा, तो धूर. रणांगण म्हणजे एक फ्लश डोअर, प्लायवूडचं सपाट दार. गाडीतून उतरवताना त्याचा कोपरा फुटला म्हणून ते कुणी नेईना, तेव्हा यांनी ते मागच्या खोलीत दोन पिंपांवर आडवं टाकलं. कुलपासाठी त्याला गोल भोक पाडलेलं होतं. ते बुजवायचं सोडून यांनी त्याची विहीर केली आणि नियम ठरवला, विहिरीच्या काठावरच्या शिपायाला शत्रूनं गाठलं आणि फासा एक पडला, तर शिपाई आत. खाली पत्र्याचा डबा ठेवला होता. त्यात पडलेल्यांना ते महिन्यातून एकदा बाहेर काढून प्रेमानं पुसत, पण त्या लढाईत पुन्हा उभं करत नसत. मेला तो मेला.

भिडू मात्र मिळेना. पहिला भिडू म्हणून त्यांनी मलाच बसवलं. मी नालवाडीचा निवृत्त मास्तर, दुपारी जेवणानंतर मला बसवणं हेच मुळात धोक्याचं. ते उजवीकडच्या टेकडीचं अंतर मोजत असताना मला डुलकी लागली, कोपर सुटलं आणि माझेच चाळीस शिपाई आडवे झाले. दुसरा कुणी चिडला असता. साडभाऊंनी वही उघडली आणि लिहिलं, "भूकंप. निळे चाळीस ठार." त्यानंतर मला बोलावलं नाही. दोन्ही बाजू ते स्वतःच खेळू लागले. लाल बाजूला बसताना टोपी घालायचे, निळ्या बाजूला काढायचे. मधे टेबलाला वळसा घालताना उभ्या उभ्या एक ग्लास पाणी प्यायचे. का, तर इकडचा बेत तिकडे आठवू नये म्हणून! मी म्हटलं, "भाऊ, पाण्यानं बेत विसरतो का कुणी?" तर म्हणाले, "विसरत नाई मास्तर. पन मानूस लाजते. पानी पेऊन आल्यावर आपल्यालेच फसवाची लाज वाटते."

एवढ्याशा वेळात, एकट्यानं, वर्षानुवर्षं असा हुरूप टिकतो कसा, हे मला कोडंच होतं. मी निवृत्तीनंतर पेटी शिकायची म्हणून हौसेनं पेटी आणली, तिच्यावर आज आमच्या चादरींच्या घड्या असतात. साडभाऊंचं म्हणणं, माझं तिथेच चुकलं. "तुम्ही एका दिवसात गानं वाजवाले बसता. एक सूर वाजवा अन् झाकून ठेवा. पन उद्या कोनता वाजवाचा, ते लिहून ठेवा." त्यांचा कायदाच होता तो. रोज एक चाल. दुसरी करायला हात शिवशिवत असतानाच उठायचं, आणि उठण्याआधी वहीत उद्याची ओळ लिहायची. टेबल कधीही आवरायचं नाही. हिंगणघाटच्या एका लग्नात ऐन पंगतीतून हा माणूस गायब. शोधत गेलो तर मांडवामागे खुर्च्यांच्या थप्पीवर वही ठेवून पेन्सिलीनं त्या दिवसाची चाल करत होते. इकडे जिलबी संपली. त्यांना पर्वा नव्हती.

आता त्यांच्या बायकोविषयी सांगायला हवं. बायकोच्या मोठ्या बहिणीला आमच्याकडे अकडसासू म्हणतात, आणि आमची अकडसासू त्या शब्दाला पुरेपूर जागणारी. नवऱ्याच्या या खेळाला ती "काड्या" म्हणे. "जेवाले बसा म्हना त्याईले, काड्या मंग करा म्हना." पण एकदा साडभाऊ तापानं चार दिवस पडून होते, आणि उठून पाहतात तर लाल हत्ती टेकडीच्या मागे सरकलेला. त्यांनी विचारलं, "हा कोनं हलवला?" ती म्हणाली, "मी. उन्हात होता बिचारा." साडभाऊंनी पट्टी घेऊन दोनदा अंतर मोजलं. हत्ती टेकडीमागे गेल्यानं निळ्यांची अख्खी डावी फळी उघडी पडली होती. तीन वर्षांत त्यांना स्वतःला ती चाल सुचली नव्हती. त्यांनी टोपी खुंटीला अडकवली आणि लाल बाजूची खुर्ची पुसून तिच्यासाठी ओढली.

मग काय विचारता! ती नियम फारसे पाळत नसे, शिपायांना लेकरं म्हणे, आणि तरी दर महिन्याला यांचं कंबरडं मोडी. कुकरची शिटी झाली की अंगठ्याला थुंकी लावून म्हणे, "टॅम्प्लीज!" लहानपणी आपण सगळेच हे म्हणत होतो. डाव थांबवायचा तर अंगठा तोंडाला लावून टॅम्प्लीज घ्यायची, आणि ज्यानं घेतली त्यानंच अंगठा कपड्याला पुसून ती सोडायची. तोवर कुणी कुणाला शिवायचं नाही. साडभाऊंनी हरकत घेऊन पाहिली, "लढाईत टॅम्प्लीज नसते." ती म्हणाली, "मंग कुकर तुम्ही पाहा." त्याच दिवशी तो नियम वहीत चढला. मी कधी दुपारी गेलो की ती दोघं त्या फुटक्या दाराच्या दोन बाजूंना वाकून बसलेली दिसत. खरं सांगतो, मला हेवा वाटे. तीस वर्षांच्या संसारात मी माझ्या बायकोसमोर रोज वीस मिनिटं असा कधी बसलो नाही.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. खेळायची पाळी तिची होती. साडभाऊंचा निळा सेनापती विहिरीच्या काठावर आला होता आणि तिचा हत्ती चार बोटांवर उभा होता. ती हसत होती. तेवढ्यात शटरखालून आवाज आला, "भाऊ, आहे का?" साडभाऊंनी मान वर केली तर तिचा अंगठा तोंडाशी. टॅम्प्लीज घेतली असं समजून त्यांनी मान डोलावली आणि ते उठले. गिऱ्हाइकाला तोटी दाखवली, दुसरी दाखवली, टेप बांधून दिली. पंधरा मिनिटांनी परत आले तर ती तशीच बसलेली, अंगठा तसाच, आणि तोंड एका बाजूला उतरलेलं.

सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं, एक "हा" तेवढा राहिला. वेळेत आणलंत, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं, पण साडभाऊंच्या कानात ते शिरलंच नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात माझा हात धरून म्हणाले, "ते टॅम्प्लीजले उजवा अंगठा लावते मास्तर. त्या दिवशी डावा होता. काडी दोन सूत सरकली तं मले समजते, अन् अंगठा बदलला ते नाई समजलं." मी शाळेत पस्तीस वर्षं बोललो, त्या दिवशी नुसता त्यांच्यासाठी चहा घेऊन आलो.

ती घरी आली तेव्हा पलंग त्याच मागच्या खोलीत टाकला. जागा व्हावी म्हणून आम्ही ते फुटकं दार उचलायला गेलो तर तिनं डाव्या हातानं पलंगाची कड बडवून असा काही आकांत केला की आम्ही हात काढून घेतले. साडभाऊंनी त्यावर चादर घातली. वही बंद झाली. सव्वादोनला ते तिला भरवत, तोंड पुसत, पाय चोळून देत, आणि त्या चादरीकडे पाठ करून बसत. तिची एक नवीन सवय मात्र आम्हाला कळेना. चादरीकडे बघून ती डावा अंगठा तोंडाला लावी. माझी बायको म्हणे, ताईला तहान लागली. पाणी दिलं की ती मान फिरवी. कुणी दूध आणी, कुणी म्हणे बिचारी पुन्हा लहान झाली. साडभाऊंना मात्र त्याचा अर्थ ठाऊक आहे असं वाटे. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ते मले दाखवून राह्यली मास्तर. का पाह्य, अशी बसली होती मी, अन् तू तोटी विकाले गेलता." मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही खेळा. तिच्या बाजूनंही तुम्हीच चाल करा, आधी करतच होता की." त्यांनी मान हलवली. "तवा दोन्ही बाजू माह्याच होत्या. आता एक तिची हाये."

असे आठ महिने गेले. त्यांच्या हनुवटीवर खुंट वाढले, बोलणं तोटीपुरतं उरलं. बाई हळूहळू उठून खुर्चीत बसू लागली आणि हा माणूस खचत चालला, हे मला डोळ्यांनी दिसत होतं.

मागच्या आठवड्यात आम्ही दोघं गेलो. सव्वादोन झाले होते. अकडसासू खुर्चीत होती, साडभाऊ नेहमीसारखे पाठ करून तिचं ताट आवरत होते. तिनं डावा हात लांबवला, चादरीचं टोक पकडलं आणि ओढलं. आठ महिन्यांची धूळ उडाली, दोन निळे शिपाई लवंडले. साडभाऊ वळले. तिनं अंगठा तोंडाला लावला. माझी बायको लगेच उठली, "थांबा, पानी आनते." त्यावर ती बाई अशी काही फणकारली की माझी बायको जागच्या जागी बसली. मग तिनं तो अंगठा तोंडातून काढला आणि पदराला पुसला. एकदा पुसला, साडभाऊंकडे बघितलं, पुन्हा पुसला. जोरात पुसला.

मला उमगायला वेळ लागला. साडभाऊंना लागला नाही. हातातलं ताट त्यांनी तसंच जमिनीवर ठेवलं.

"सुटली?" त्यांनी विचारलं.

"हा."

"आठ महिने टॅम्प्लीजच होती का वं?"

"हा," ती म्हणाली, आणि अर्ध्या तोंडानं हसली.

साडभाऊंना रडू आवरेना, आणि त्यांनी ते आवरलंही नाही. तशाच अवस्थेत लवंडलेले दोन शिपाई उभे करून ते आपल्या खुर्चीत बसले आणि पट्टी पुसली. पाळी कुणाची, हे विचारायची गरज नव्हती. तिनं डाव्या हातानं कोयीचा हत्ती ढकलत ढकलत थेट निळ्या सेनापतीला भिडवला. साडभाऊंनी तिच्या तळहातावर फासा ठेवला. तिनं तो फेकला तो पलंगाखाली गेला. मी गुडघे टेकून शोधला. चार पडले होते.

"किती?" साडभाऊंनी विचारलं.

मी वर पाहिलं. तिनं एक बोट उभं केलं होतं.

"एक," मी म्हणालो.

स्वतःला फसवायची लाज वाटते म्हणून पाणी पिणारा हा माणूस. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, मग तिच्या बोटाकडे पाहिलं, आणि सेनापती उचलून विहिरीत सोडला. खाली डब्यात खण्णकन आवाज झाला. बाई खुदकन हसली. तिचा उजवा हात मांडीवर तसाच पडलेला होता.

तेवढ्यात शटरखालून हाक आली, "भाऊ, आहे का?"

साडभाऊ सवयीनं अर्धे उठले. मग त्यांनी तिच्या दोन्ही हातांकडे पाहिलं, उजव्याकडे आणि डाव्याकडे, अगदी सावकाश. खाली बसले आणि ओरडले, "नंतर या!"

मी बाहेर गेलो. गिऱ्हाईक अजून वाकलेलंच होतं. "काऊन गुरुजी," त्यानं घाबरून विचारलं, "भाऊची तब्येत बरी नाई का?"

"बरी आहे," मी म्हटलं. "चार वाजता या." आणि शटर आणखी थोडं खाली ओढलं.