मोटारीची मागची गादी

मंडळातील मित्रहो,

मोटार विकायला काढल्यापासून गिऱ्हाइकांनी मला जेरीस आणले आहे. एक गृहस्थ चालवून पाहण्याच्या निमित्ताने बसले आणि पौडच्या बाजारात उतरून निघून गेले. दुसऱ्यांनी भंगाराचा भाव सांगितला.

डोंगरावरच्या वाडीतला धोंडिबा आज पुन्हा आला आणि काहीही न विचारता मागच्या गादीवर बसून राहिला. माझा संयम सुटला.

"धोंडिबा, घ्यायची नसेल तर माझा वेळ का घालवतोस?"

"मोटार नगं, भाऊसाहेब. ही गादी तेवढी द्या. पाच रुपयं हायेत."

"गादीवाचून मोटार कोण घेईल?"

"त्ये बी खरंच हाय." तो उतरला आणि गादीवरून हात फिरवत म्हणाला, "तुमी कारभारणीला दवाखान्यात नेत व्हता, तवा हितंच माझ्या मांडीवर गेली ती."

मग दोघांनी मिळून गादी काढली आणि त्याच्या घोंगड्यात बांधली. फुकट न्यायला तो तयार होईना, म्हणून पाच रुपये घ्यावे लागले.

उद्या पुण्याचे गिऱ्हाईक येणार आहे. गादी नाही म्हणून ते भाव पाडतील. मित्रहो, त्यांना मी काय सांगावे?