माझ्या नावाची पाठदुखी

"दुखत नाही गं तुला. तलफ आलीय."

डॉक्टर हे बोलला तेव्हा दवाखाना भरलेला होता. कशेळ्याच्या बाजाराचा दिवस. बाकांवर जागा नव्हती, बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यातल्या निम्म्या माझ्या ओळखीच्या. माझा उजवा हात मनगटापाशी टम्म सुजला होता. तान्हं मूल धरावं तसा तो डाव्या हातात धरून मी टेबलासमोर उभी होते. डॉक्टरने त्याला बोटसुद्धा लावलं नाही.

"मागच्या वेळेस पाठ होती ना? आज हात. पुढच्या वेळेस काय आणशील?"

कुणीतरी हसलं. मग त्याने कंपाउंडरला हाक मारली. "हिला पट्टी बांध आणि पाठव. गोळी द्यायची नाही. ही गोळीवाली आहे."

गोळीवाली. मी जीपची वाट बघत नाक्यावर उभी होते तोवर तो शब्द माझ्या गावात जाऊन पोचलासुद्धा. घरी आले तर सासूने पाणी दिलं, पण तांब्या हातात न देता खाली ठेवला.

ती गोळी मी आयुष्यात एकदाही खाल्लेली नाही.

आमच्या गावाच्या वर, डोंगराच्या कडेला बंगले झालेत. बाकीच्या बंगल्यांना शनिवार-रविवार जाग येते. मी ज्या बंगल्यात कामाला होते तिथली मॅडम मात्र कायमची राहायला आली होती. मुंबईत तिच्या पाठीचं ऑपरेशन झालं, हवापालट म्हणून आली आणि राहिलीच. नवरा महिन्यातून कधीतरी यायचा. तोंडावर मी तिला अहो-जाहो करायचे. इथे करत नाही.

ऑपरेशननंतर तिला दुखणं थांबवायची एक गोळी दिलेली. अफूच्या जातीची. जखम भरली, गोळी सुटली नाही. मुंबईच्या डॉक्टरने ती बंद केली तेव्हा मी तिची अवस्था डोळ्यांनी पाहिली. घाम, नाकाला पाणी, एकामागून एक जांभया, पाय नुसते थरथरायचे. मी तिचे पाय दाबत बसायचे आणि ती माझा हात छातीशी धरून रडायची. त्याच घरात माझा चहाचा कप मोरीजवळ वेगळा पालथा असायचा. हात चालायचा, कप चालायचा नाही. तरी मला तिची दया यायची. आजही येते. दया येते म्हणून बाकीचं विसरायचं, असं मात्र कुठे लिहिलेलं नाही.

हीच गोळी आमच्या घरातही येऊन गेली होती. माझा मावसभाऊ शिळफाट्याला टेंपो भरायचा. खांदा गेला, पण टेंपो भरायचे थांबले नाहीत, म्हणून कुणाकडून तरी ही गोळी घ्यायला लागला. पुढे पुढे खांदा दुखो न दुखो, गोळी लागायचीच. एकदा लोकांनी त्याला रस्त्यात धरून मारलं. नशेडी म्हणून. बायको माहेरी निघून गेली. तेव्हा मी मॅडमला घाबरत घाबरत म्हटलं होतं की मॅडम, ही गोळी सोडवायलाही डॉक्टर असतात, माझ्या भावाला आता कर्जतला नेतात, त्याला जरा उतार हाय. तिने माझ्यावर अशी नजर रोखली की मी पाय दाबायची थांबले.

"ते नशेबाजांसाठी असतं," ती म्हणाली. "मी पेशंट आहे."

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.

मग एक दिवस तिने मला समोर बसवलं. खुर्चीवर. त्या घरात मी पहिल्यांदा खुर्चीवर बसले. तिचं म्हणणं साधं होतं. मी कशेळ्याच्या डॉक्टरकडे जायचं आणि माझी पाठ दुखते म्हणून सांगायचं. तो जी गोळी लिहून देईल ती घेऊन यायची. गाडी आणि ड्रायव्हर ती देणार. साध्या गोळीने उतरत नाही, रात्रभर डोळा लागत नाही, हे दोन वेळा म्हणायचं.

मी गप्प बसले. माझं गप्प बसणं म्हणजे हो, असं त्या घरात ठरलेलंच होतं.

मग तिने मला दुखायला शिकवलं. हॉलमध्ये उभं केलं आणि चालायला लावलं. एक हात कमरेवर, अंगठा मागे. पाऊल अर्धंच टाकायचं. स्टुलावर बसताना आधी कडेला टेकायचं, उठताना गुडघ्यावर हात. मी चुकले की पुन्हा पहिल्यापासून. तिची बहीण मुंबईहून आलेली होती, ती सोफ्यावर बसून बघत होती. मी तिसऱ्यांदा उठले तेव्हा मॅडम हसून बहिणीला म्हणाली, हिला काही जमायचं नाही, हिला बिचारीला कधी दुखलंच नसेल.

कळत्या वयापासून मी चिखलात वाकून भात लावलंय. लग्नाआधी बापाच्या शेतात, लग्नानंतर सासऱ्याच्या. पोटात पोर असताना लावलंय. आणि ती बाई मला पाठदुखी शिकवत होती. त्या वेळी मी हसले. सगळे हसत होते म्हणून मीही हसले. आता तो हॉल आठवला की माझे कान तापतात.

बंगल्याच्या गाडीतून दवाखान्याच्या दारात उतरले तेव्हा कंपाउंडरने मला आधी आत घेतलं. डॉक्टरने नीट चौकशी केली. बंगल्यावर कामाला का, बरं बरं, मॅडमना नमस्कार सांग. मग पालथी झोप म्हणाला आणि मणक्याच्या खाली, उजव्या बाजूला, अंगठा दाबला.

मी ओरडले.

शिकवल्यापैकी नव्हतं ते. खरंच कळ आली होती, पार टाचेपर्यंत. आजवर तिथे कुणी हात लावून बघितलंच नव्हतं. नवऱ्याने नाही, सासूने नाही, मीही नाही. कामाची पाठ दुखतेच, तिला काय विचारायचं. त्या टेबलावर पालथी पडून मला कळलं की मी खोटं बोलायला आले होते आणि माझी पाठ खरंच दुखत होती.

डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या. मी त्या नेऊन मॅडमच्या हातात ठेवल्या. तिने पाकीट फोडलं, मला थँक्यू म्हणाली आणि फरशी पुसायला सांगितली. मी वाकून पुसली.

असं किती तरी वेळा झालं. पुढे त्या गोळ्यांवरून तालुक्यात बोभाटा झाला. औषधाच्या दुकानांत पोलीस विचारपूस करायला लागले, डॉक्टरही जपून लिहायला लागला, माझ्याकडे डोळे बारीक करून बघायला लागला. मी मॅडमला सांगितलं. ती म्हणाली, घाबरू नको, गाडीतून जाणाऱ्याला कुणी अडवत नाही.

आणि खरंच कुणी अडवलं नाही. ज्या दिवशी मी गाडीशिवाय गेले, त्याच दिवशी अडवलं.

पोहायच्या तलावाच्या काठावरचं शेवाळ घासत होते. पाय सटकला आणि मी हातावर पडले. हाडातून आवाज आला तो मला ऐकू आला. मी तशीच आत गेले. मॅडम पलंगावर होती. मी म्हटलं, मॅडम, लय दुखतंय, तुमच्यातली एक गोळी द्या. तुमच्यातली म्हटलं मी. पाकिटं माझ्या नावाने आणलेली, तरी तुमच्यातली म्हटलं.

तिचा हात आधी उशीखाली गेला. उशी तिने दाबून धरली.

"शिल्लक नाहीत गं. तापाची साधी गोळी घे ना, कपाटात आहे."

गाडी मिळेल का विचारलं, तर स्टेशनवर पाहुणे आणायला जायची होती. म्हणून मी जीपने कशेळ्याला गेले, आणि तिथे काय झालं ते वर सांगितलंच आहे. गाडीतून गेले तेव्हा माझं खोटं त्याला खरं वाटलं. जीपमधून गेले तेव्हा मोडलेला हात खोटा ठरला.

दुसऱ्या दिवशी नवरा मला कर्जतच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. फोटो काढला. हाड तडकलेलं. प्लास्टर घातलं.

मी तशीच बंगल्यावर गेले, थोडे दिवस सुट्टी मागायला. मॅडमने प्लास्टर बघितलं. आणि तिचा चेहरा उजळला. खोटं सांगत नाही, उजळला.

"अगं, बरंच झालं की. आता खोटंही बोलावं लागणार नाही. उद्या जा, हातासाठी लिहून घे."

मला वाटलं होतं, असं काही ऐकलं की माणूस ओरडतो. माझा आवाज वरसुद्धा गेला नाही.

"नाय मॅडम," मी म्हटलं. "हे दुखणं माझं हाय. हे मी तुमाला नाय देयाची."

ती आधी समजूत घालायला लागली, मग रडली, मग म्हणाली की विचार कर, सगळीकडे नाव तुझं आहे, माझं कुठेच नाही. मी उठले. जाताना मोरीजवळचा माझा कप उचलला आणि बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. काम गेलं. नाव तर आधीच गेलं होतं. भात कापायला बायका सांगितल्या गेल्या तेव्हा मला कुणी सांगितलं नाही. सासू म्हणायची, "मोठ्यांच्या दुखण्याला तू कशाला आपली पाठ दिलीस गं."

प्लास्टर निघाल्यावर एका बाजाराच्या दिवशी मी कशेळ्याला गेले होते. सुकी मासळी घेत होते. समोर बंगल्याची गाडी थांबली आणि मागच्या दारातून एक पोरसवदा बाई उतरली. हिरा. डोंगराकडच्या वाडीतली, नुकतं लग्न झालेली. दवाखान्याकडे चालायला लागली. एक हात कमरेवर, अंगठा मागे. पाऊल अर्धं.

ती चाल मी ओळखली. माझीच होती.

मासळी तशीच टाकून मी तिला रस्त्यात गाठलं आणि तिचा हात कमरेवरून काढला. ती दचकली. म्हणाली, "ताई, मॅडमनी असंच चालायला सांगलंय."

मी तिला विचारलं, तुझं काय दुखतं. तिला प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा विचारलं, मॅडमचं नाय, तुझं. ती खाली बघून म्हणाली, पोट दुखतं, लय दिवस झाले.

"मग चल. तेवढंच सांगायचं."

ड्रायव्हर हाका मारत होता. आम्ही आत गेलो. दवाखाना तसाच भरलेला, बायका तशाच भिंतीला टेकलेल्या. मला बघून डॉक्टर म्हणाला, आलीस परत. मी त्याच्याशी नाही बोलले. बाकांकडे तोंड केलं आणि भिंतीपर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं, की गोळ्या बंगल्यातली मॅडम खाते, माझ्या नावावर नेल्या, आता हिच्या नावावर न्यायच्यात. डॉक्टर उभा राहिला. बाहेर हो म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही. एक म्हातारी बाकावर जरा सरकली.

मी बसले. हिराला शेजारी बसवलं. पोलिसांना बोलवीन म्हणाला, तर म्हटलं, बोलवा, त्यांनाही हेच सांगायचं हाय. गेल्या वेळी मी उभी होते, हात धरून, मान खाली घालून. आता नंबर आल्याशिवाय मी उठणार नाही. नंबर आला की आधी हिरा तिचं पोट दाखवेल. मग मी टेबलावर पालथी झोपणार आणि त्याला दाखवणार, मणक्याच्या खाली, उजव्या बाजूला, कुठे दाबायचं ते. आणि या वेळची गोळी माझ्या घरी जाईल.