आबांनी आणलेली माती

आमच्या खानदेशात काळ्या मातीवर कुणी शंका घेत नाही. केस तिने धुवायचे, गांधीलमाशी चावली की तीच लावायची, आणि तिच्यात लावलेलं झाड मेलं तर दोष झाडाचा. त्यामुळे आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जळगावच्या आमच्या फ्लॅटमधलं ऑर्किड शेतातल्या मातीत लावून टाकलं, तेव्हा मला नवल वाटलं नाही. मी ऑफिसातून आले तर कुंडी काठोकाठ भरलेली, वरून तळव्याने चोपलेली. तरी माझं डोकं फिरलं. पण आबांसमोर बोलायची माझी छाती नव्हती.

ते ऑर्किड आईचं. जळगावच्या कृषी प्रदर्शनातून तिने हौसेने घेतलं होतं, आणि गावी शेळ्या खाऊन टाकतील म्हणून माझ्या गॅलरीत ठेवलं होतं. मागच्या थंडीत आई गेली. मी हट्टाने आबांना इकडे आणलं. लेकीच्या घरी राहायचं म्हणून ते अवघडून असत. पेपर वाचून झाला की त्या झाडाजवळ खुर्ची टाकून बसत. कुंडीत नुसती झाडाच्या सालीची खांडकं बघून त्यांना चैन पडत नसे.

"बिगर माटीनं झाड जगस का कधी?" ते मला विचारत. मी हसण्यावारी नेई.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते आईच्या नावाची घागर भरायला दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावी गेले. आई गेल्यानंतरची ती पहिलीच आखाजी, आणि मला रजा मिळाली नाही. परतताना एसटीतून त्यांनी पिशवीभर माती आणली. तीच ही.

पुढे ते रोज सकाळी तांब्याभर पाणी घालू लागले. काळी माती ती, ओली असली की चिकट आणि वाळली की दगड. थोड्याच दिवसांत पानं मऊ पडली, खालचं एक पिवळं होऊन गळलं. कुंडीला नाक लावलं तर कुजका वास आला. आईच्या हातचं एवढं एकच जिवंत माझ्याकडे उरलं होतं. आबांना वाईट वाटलं तरी चालेल, पण हे मरू द्यायचं नाही, असं मी ठरवलं.

मग मातीऐवजी कुंडीत घालायचं भरण जमवायला लागले. बाजारात तयार पाकीट मिळतं, पण त्यातली नुसती साल आपल्या उन्हात दुपारपर्यंत खडखडीत होते. म्हणून सालीला जोड नारळाच्या शेंड्यांची घेतली. देवापुढे फोडलेल्या नारळांच्या शेंड्या साठवल्या होत्या, त्या कातरून, पाणी बदलत भिजत घातल्या, म्हणजे त्यांचा खार उतरतो. वखारीतून लाकडी कोळसा आणला, बोराएवढा फोडला, विटेचे तुकडे केले, आणि सगळं चाळून धूळ काढून टाकली. धूळ राहिली की तीच पुन्हा चिखल होते.

रविवारी सकाळी गॅलरीत वर्तमानपत्र पसरून मी कुंडी उलटी केली. मातीचा गड्डा निघाला. आत मुळं काळी, बोटाला लागताच साल सुटणारी. दोन-तीन तेवढी हिरवी होती. ती सोडवून मी माती कचऱ्याच्या डब्याकडे ओढली, तेवढ्यात आबा दारात आले.

"माटी फेकू नको," ते म्हणाले. "तुन्ही मायनी राख टाकेल शे ना वावरमा, तठेनी शे ती."

माझे हात तिथेच थांबले. आईची राख आम्ही नदीत सोडली नव्हती. बांधाजवळ खड्डा करून तिथे लिंब लावला होता. आबांनी तिथलीच माती उकरून आणली होती, आणि तिच्यात तिचं झाड लावलं होतं. मला रडू फुटलं. रडतच मी सांगितलं, "आबा, या मुळांना माती सोसत नाही. त्यांना हवा लागते. गुदमरलंय हे."

आबा मातीच्या गड्ड्याजवळ आले. मग हळूच खाली बसले.

"तिलेबी हवाच पाहिजे व्हती," ते म्हणाले. "खिडकी उघडा, खिडकी उघडा करे. माले वाटे, थंडी लागी जाई तिले. मीच खिडकी लाई दिन्ही."

डॉक्टरांनी आईच्या आजारपणातच सांगितलं होतं की फुप्फुसंच थकली आहेत, खिडकीने काही फरक पडला नसता. ते मी त्यांना पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण ऐकलं असं वाटलं नाही.

माती त्यांनी चिमूटही न सांडता बादलीत भरली. लिंबाशी परत नेऊन टाकतो म्हणाले. मग तांब्याने पाणी सोडत एकेक मूळ स्वतः धुतलं. कुजलेली मी कापली. कुंडीत कोळसा, विटा, शेंड्या, साल घालून मी झाड मधोमध धरलं. ते डुगडुगत होतं, म्हणून वरून दाब द्यायला हात नेला.

आबांनी माझं मनगट धरलं. जन्मभर रोप लावून टाचेने माती दाबणारा माणूस.

"दाबू नको," ते म्हणाले. "लेऊ दे तिले श्वास."